व्होल्ट आणि प्रियस प्लग-इन : प्रवेगाच्या आकड्यामागचे गणित

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास मोटारीला किती सेकंद लागतात, हा आकडा माहितीपत्रकात नेहमीच ठळक छापलेला असतो. केवळ पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीबाबत तो बऱ्यापैकी बोलका असतो. प्लग-इन हायब्रिड मोटारीत मात्र घरच्या विजेवर चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोलचे इंजिन असे दोन्ही स्रोत असतात. तेथे हा आकडा अर्धीच हकीकत सांगतो. हा वेग निव्वळ विजेवर गाठला की इंजिनाच्या मदतीने, आणि बॅटरी उतरल्यावर काय होते, हे त्यातून कळत नाही. या प्रकारातील सुरुवातीच्या दोन बहुचर्चित मोटारींची, जनरल मोटर्सच्या शेवरोले व्होल्टची आणि टोयोटाच्या प्रियस प्लग-इनची, तुलना त्या दृष्टीने आजही उद्बोधक आहे.

व्होल्ट डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीस आली, तर प्रियस प्लग-इन २०१२ मध्ये. व्होल्टची बॅटरी १६ किलोवॅट-तास क्षमतेची, प्रियसची अवघी ४.४. व्होल्टची मुख्य विद्युत मोटर १११ किलोवॅट शक्तीची होती आणि गाडीचे वजन सुमारे १,७१५ किलो. प्रियसमध्ये इंजिन व मोटर यांची एकत्रित शक्ती १०० किलोवॅट आणि वजन सुमारे १,४३५ किलो. दर टन वजनामागे शक्ती काढली, तर व्होल्टच्या वाट्याला ६५ किलोवॅट येतात आणि प्रियसच्या वाट्याला ७०. कागदावर प्रियस सरस ठरायला हवी होती.

प्रत्यक्षात उलटे घडले. युरोपात व्होल्टचीच बहीण ओपेल अँपेरा या नावाने विकली जाई. शंभराचा वेग गाठण्यास तिला सुमारे ९ सेकंद लागत. प्रियस प्लग-इनसाठी टोयोटाने दिलेला आकडा ११.४ सेकंदांचा होता. साध्या गतिज ऊर्जेच्या सूत्रातून या फरकाचा उलगडा होतो. हवेचा व रस्त्याचा अवरोध बाजूला ठेवला, तर या काळात व्होल्टच्या चाकांना सरासरी ७३ किलोवॅट शक्ती मिळाली, म्हणजे तिच्या कमाल शक्तीच्या सुमारे दोन तृतीयांश. प्रियसच्या चाकांना सरासरी ४९ किलोवॅटच मिळाले, जेमतेम निम्मे.

उरलेली शक्ती गेली कुठे? ती कागदावर होती, पण हवी तेव्हा हाताशी नव्हती. विद्युत मोटर चाक फिरू लागताक्षणी पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पूर्ण जोर, देऊ शकते. व्होल्टच्या मोटरचा हा जोर ३६८ न्यूटन-मीटर होता, प्रियसच्या मोटरचा २०७. प्रियसला उरलेली भर इंजिनाकडून घ्यावी लागे. इंजिन सुरू होऊन त्याचे फेरे वाढेपर्यंत वेळ जातो आणि सिग्नलवरून सुटताना तोच वेळ मोलाचा असतो. शहरात गाडी चालवणाऱ्याला शंभराच्या आकड्यापेक्षा पहिल्या पन्नास किलोमीटरची चपळाई अधिक उपयोगी पडते, हे माहितीपत्रके क्वचितच सांगतात.

खरा फरक मात्र सेकंदांचा नाही. बॅटरीत चार्ज असताना व्होल्टचा प्रवेगक तळापर्यंत दाबला तरी एरवी तिचे इंजिन सुरू होत नसे. प्रियसची छोटी बॅटरी तेवढी शक्ती एकाएकी देऊ शकत नव्हती. पाय जोराने पडला की पेट्रोल जळू लागे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीत हे स्पष्ट दिसले. या संस्थेने व्होल्टचा विजेवरील पल्ला सुमारे ५६ किलोमीटर ठरवला. प्रियससाठी तो सुमारे १८ किलोमीटर होता, पण ‘वीज आणि पेट्रोल मिळून’ अशा शेऱ्यासह. चाचणीतील जोरकस प्रवेगाच्या टप्प्यावर इंजिन मध्येच सुरू झाल्याने निव्वळ विजेवरचे अंतर जेमतेम १० किलोमीटर भरले.

यात प्रश्न केवळ इंधनखर्चाचा नाही. धुरातील घातक वायू निष्प्रभ करणारा उत्प्रेरक परिवर्तक काही शे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. अशा वेळी थंड इंजिनावर एकदम भार पडला, तर प्रदूषण नेमके दाट वस्तीत आणि सर्वाधिक होते. निव्वळ विजेवरचा प्रवेग हा म्हणूनच हौसेपेक्षा हवेशी निगडित विषय आहे.

व्होल्टची बाजूही पूर्ण निर्दोष नव्हती. तिचे १.४ लिटरचे इंजिन ६३ किलोवॅटचे, म्हणजे मोटरच्या निम्म्याहून थोडे अधिक. बॅटरी उतरल्यावरही थोडा साठा राखून ठेवलेला असे, त्यामुळे सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना उणीव जाणवत नसे. लांबलचक चढावर मात्र हा साठा संपत जाई आणि गाडीची शक्ती घटे. त्यासाठी कंपनीने ‘माउंटन मोड’ दिला होता. चढ येण्याच्या बऱ्याच आधी तो निवडला की साठा मोठा ठेवला जाई. घाट सुरू झाल्यावर आठवण होऊन उपयोग नव्हता.

दुसऱ्या पिढीत दोन्ही कंपन्यांनी आपापले दुखणे ओळखले. २०१६ च्या व्होल्टने ताशी ४८ किलोमीटरचा वेग २.६ सेकंदांत आणि ९६ चा वेग ८.४ सेकंदांत गाठला. प्रियस प्राइममध्ये बॅटरी दुप्पट, ८.८ किलोवॅट-तासांची झाली. शिवाय एरवी जनित्राचे काम करणारी दुसरी मोटरही एका दिशेने फिरणाऱ्या क्लचच्या साह्याने चाकांच्या मदतीला आली. एकत्रित शक्ती उलट कमी, सुमारे ९० किलोवॅट होती, तरीही विजेवरील ४० किलोमीटरचा पल्ला आता इंजिनाविना पार होऊ लागला. शक्तीचा आकडा घटूनही गाडी तिच्या मूळ हेतूला अधिक उतरली, असेच म्हणावे लागेल.

भारतात यांपैकी एकही मोटार अधिकृतपणे विक्रीस आली नाही. २०१० मध्ये टोयोटाने येथे आणलेली प्रियस साधी हायब्रिड होती. इनोव्हा हायक्रॉससारख्या आजच्या ‘स्ट्राँग हायब्रिड’ गाड्याही बाहेरून चार्ज होत नाहीत, त्यामुळे त्यांना वरील तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. प्लग-इन प्रकार आपल्याकडे प्रामुख्याने महागड्या आलिशान गाड्यांत आढळतो. तेथेही सेकंदांचा आकडा सामान्यतः इंजिन व मोटर मिळूनचा असतो. निव्वळ विजेवरचा आकडा विक्रेत्याकडे वेगळा मागावा लागतो.

व्होल्टचे उत्पादन फेब्रुवारी २०१९ मध्ये थांबले. प्रियस प्राइम टिकली आणि २०२३ च्या आवृत्तीत तिची शक्ती २२० अश्वशक्तीवर गेली. बॅटरी १३.६ किलोवॅट-तासांची झाली आणि ताशी ९६ किलोमीटरचा वेग ती ६.६ सेकंदांत गाठते, असे टोयोटा सांगते. हा आकडाही इंजिनासहितचाच आहे.