रविवार नक्की कुणाचा?

मेगाब्लॉकचं वेळापत्रक आलं की आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपवर एक फॉरवर्डही हमखास येतो. रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी लादली, ती बदला. यावर एकदा नीट लिहायचंच होतं.

पहिली गोष्ट, बायबलमधला शब्बाथ रविवारी नाहीच. तो सातवा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. तो कसा पाळतात हे कोकणाला बेने इस्रायली लोकांनी दाखवलं. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नावच दिलं, शनिवार तेली. ठाण्यात त्यांचं सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे.

येशूचं पुनरुत्थान रविवारी झालं या श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोक रविवारी जमू लागले. सुट्टी मात्र नव्हती, कामाला जायच्या आधी किंवा नंतर भेटायचे. सुट्टी आली ३२१ साली, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमानं. त्या हुकुमातही शब्बाथ हा शब्द नाही, ‘सूर्याचा दिवस’ आहे. म्हणजे आपला आदित्यवारच की! शेतकऱ्यांना त्यातून सूट होती, पेरणी थांबत नाही म्हणून. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी हा बदल आजही मानत नाहीत. पुण्यात औंधला त्यांचं मोठं शिक्षणकेंद्र आहे, तिथे शनिवारी काम बंद. परीक्षा शनिवारी आली की त्यांच्या मुलांची पंचाईत होते, ती वेगळीच.

आणि रविवारची प्रार्थना ठाण्यात इंग्रजांनी आणली म्हणणाऱ्यांसाठी: १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्या अस्थी न्यायला आलेल्या ओडोरिकनं इथल्या नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं नोंदवली आहेत. पोर्तुगीज त्यानंतर दोनशे वर्षांनी आले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली तरी इथला ख्रिस्ती माणूस इथेच राहिला.

आता सुट्टी. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, हे खरं. पण मुंबईच्या गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्याची सुट्टी मागितली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जन्म १८४८, आपल्या ठाण्यातला. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या होत्या. मालक ढिम्म. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन बायका त्या सभेत बोलल्या (त्यांची नावं कुणी नीट जपली नाहीत, याचा मला राग येतो). १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. रविवार खंडोबाचा वार, ही गोष्टही कामगारांच्या मनात होतीच.

म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुट्टी मिळवून देणारा माणूस ठाण्याचा आणि सत्यशोधक. पण मला यात आणखी एक धागा दिसतो. शब्बाथची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. दुसऱ्यांदा तिचं कारण असं दिलंय, की तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होतात, तेव्हा तुमच्या दासदासीला, बैलाला, गाढवाला, गावात आलेल्या परक्यालासुद्धा त्या दिवशी थांबू द्या. मालकाची भक्ती नंतर, नोकराची विश्रांती आधी. लोखंड्यांचं निवेदन यापेक्षा फार वेगळं काय सांगत होतं?

आमच्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन रविवारीही बारा तास उभा असतो. शनिवारी आणि शुक्रवारीही तोच असतो. येत्या मीटिंगमध्ये बदली माणसाच्या पैशांचा विषय मी मांडणार आहे. महिन्याला प्रत्येक घरामागे किती पडतील, तो हिशेब सेक्रेटरींकडे दिला आहे.