भूगोलाचे सत्य आणि श्रद्धेचे सत्य : मराठी वादपरंपरेतील एक प्रकरण

पृथ्वीचा आकार कोणता आणि तिला आधार कशाचा, हे प्रश्न मराठी भाषकांपुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी प्रथम उपस्थित केले, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाविषयीच्या लेखनात पुष्कळदा आढळते. ती टिकण्यासारखी नाही. बालाघाटच्या पठारावर चाकूर-अहमदपूरचा जो मुलूख आहे, त्याच्या वायव्येस, गोदावरीच्या उत्तर तीरावर पाथरी हे प्राचीन स्थान आहे. ज्योतिषग्रंथांत ते 'पार्थपूर' या नावाने येते. तेथील ज्ञानराज या ज्योतिषाने इ. स. १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. पुराणांतील भूवर्णन आणि सिद्धान्तग्रंथांतील भूगोल यांच्यामधील विरोधाचा परिहार करणे हा या ग्रंथाचा एक विशेष होय. पोर्तुगीजांनी गोवे घेतले ते यानंतर सात वर्षांनी.

हा विरोध किरकोळ नव्हता. पुराणांच्या मते पृथ्वीचा विस्तार पन्नास कोटी योजने. तिच्या मध्यभागी मेरू, त्याभोवती एक लक्ष योजनांचे जंबुद्वीप आणि त्यापलीकडे वलयाकार समुद्र व द्वीपे. याउलट भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'गोलाध्याया'त पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने सांगितला आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर तिच्यावरून फार उंच फिरणारा सूर्य सर्वांना सर्वकाळ का दिसत नाही, असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार मानावा लागेल आणि या मालिकेला अंत उरणार नाही, हेही त्यांनीच म्हटले. मात्र ग्रहणाच्या प्रकरणी त्यांनी राहूला सर्वस्वी हद्दपार केले नाही. ब्रह्मदेवाच्या वराने राहू पृथ्वीच्या छायेत शिरतो, अशी तडजोड करून त्यांनी गणितही राखले आणि श्रुतिस्मृतीही राखल्या. पुढील सात शतके हीच वाट मळत राहिली.

या वादात भाषेनेही एक गुंतागुंत निर्माण केली आहे, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. मराठीत 'गोल' हा शब्द चकतीलाही चालतो आणि चेंडूलाही. भाकरी गोल आणि लाडूही गोल. त्यामुळे जंबुद्वीपाची चकती मानणारा पौराणिक आणि कंदुकाकार पृथ्वी मानणारा ज्योतिषी हे दोघेही 'पृथ्वी गोल आहे' हे वाक्य बिनदिक्कत उच्चारू शकत होते. उलटपक्षी 'पृथ्वी' या शब्दाच्या मुळाशी 'पृथु', म्हणजे विस्तीर्ण, हा अर्थ आहे; तर 'भूगोल' हा शब्द सिद्धान्तकारांचा. आज शाळेतील विषयालाच ते नाव मिळाल्याने, शब्दापुरता तरी जय कोणाचा झाला हे उघड आहे.

ख्रिस्ती श्रद्धेचा मराठीत पहिला मोठा आविष्कार झाला तो इ. स. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १०,९६२ ओव्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची बायबलमधील कथा सांगितली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोच वापरला. आफ्रिकेला वळसा घालून १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या जेझुइटाने त्या प्रवासाविषयी वडिलांना लिहिलेल्या पत्रात पूर्व-पश्चिम दिशेने जाणाऱ्या जहाजाचे स्थान ठरविण्यातील अडचणीची चर्चा केली आहे. पृथ्वीची गोलाई त्याला पुस्तकातून शिकावयाची नव्हती. परंतु नेमक्या त्याच वर्षी, ५ मार्च १६१६ रोजी, रोमच्या धर्मपीठाने कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत स्थगित केला. निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून तो वगळला गेला १८३५ च्या आवृत्तीत. म्हणजे मराठीत ख्रिस्ती पुराण अवतरले तेव्हा फिरत्या पृथ्वीचे मत खुद्द ख्रिस्ती जगातच बहिष्कृत ठरत होते.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे १८३० नंतरच्या प्रॉटेस्टंट प्रचारातील आत्मविश्वास काहीसा चमत्कारिक वाटू लागतो. मुंबईत जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा वाद १८३१ मध्ये झाला. पुराणांतील क्षीरसमुद्र आणि मेरू खोटे ठरले म्हणजे पुराणांचा धर्मही खोटा ठरेल आणि रिकाम्या जागी शुभवर्तमान येईल, हे त्या काळच्या मिशनरी प्रतिपादनाचे एक सूत्र होते. त्यातील पहिली पायरी ठीक. दुसरी मात्र गृहीत धरलेली.

हे गृहीत किती कच्चे होते ते सीहोर येथील सुबाजी बापू या मराठी ज्योतिषाने दाखविले. भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सेलॉट विल्किन्सन यांनी तेथील पाठशाळेत भास्कराचार्यांच्या सिद्धान्ताचा उपयोग कोपर्निकसपर्यंत पोहोचविणाऱ्या पुलासारखा केला. त्यांच्या प्रेरणेने सुबाजींनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध करून पौराणिक, सैद्धान्तिक व कोपर्निकीय अशा तीनही मतांची तुलना केली. पुराणमताचा कैवार घेऊन यज्ञेश्वरशास्त्री यांनी 'अविरोधप्रकाश' रचला, तेव्हा १८३७ मध्ये सुबाजींनी 'अविरोधप्रकाशविवेक' लिहून त्याला उत्तर दिले. विरोध आहे तेथे तो आहे असे म्हणावे, ही त्यांची भूमिका ज्ञानराजाच्या परिहारमार्गाहून स्पष्टपणे वेगळी आहे.

मिशनऱ्यांच्या हिशेबाने अशा मनुष्याने आता बाप्तिस्म्याच्या वाटेला लागावयास हवे होते. घडले ते निराळेच. जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून खऱ्या शास्त्राची लक्षणे सांगितली : संस्थापकाचे चमत्कारसामर्थ्य, पावित्र्य आणि सर्व मानवांना लागू पडण्याची योग्यता. त्याच वर्षी 'सोमनाथ' या नावाने 'मतपरीक्षाशिक्षा' हे उत्तर निघाले. हे सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच, असे रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ मधील आपल्या अभ्यासात प्रतिपादिले आहे. या उत्तरात संताप नाही. ईश्वरानेच निरनिराळ्या जनांसाठी निरनिराळे मार्ग योजले आहेत, म्हणून परमताची निंदा करू नये, असा त्याचा सौम्य सूर आहे. पृथ्वी फिरते हे स्वीकारणाऱ्या या ज्योतिषाला त्या स्वीकारासोबत धर्मांतराचे बंधन आले आहे असे मुळीच वाटले नाही.

याच वादातील दुसरे उत्तर याहून कठोर आणि याहून मोलाचे आहे. चित्पावन कुळात १८२५ मध्ये जन्मलेले नीळकंठ गोरे हे काशीतील तरुण पंडित. मिशनऱ्यांचे खंडन करण्याच्या ईर्षेने ते वादात उतरले आणि 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या ग्रंथात त्यांनी श्रद्धेला अग्रस्थान देऊन तर्काला तिच्या मागे चालावयास सांगितले. शास्त्र आधी मानावे, मग त्याच्या आधारे तर्क करावा. तथापि हाच पंडित १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. पुढे त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून हिंदू दर्शनांची चिकित्सा केली. आणि केवळ बुद्धीच्या बळावर धर्म उभारू पाहणाऱ्या ब्राह्मसमाजीयांशीही त्यांनी तितक्याच नेटाने वाद घातला. शास्त्र बदलले, श्रद्धेचे अग्रस्थान मात्र ढळले नाही. नव्या भूगोलाने पटवून दिलेला धर्मांतरित, असे गोरे यांचे चित्र रंगविणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. त्यांनी दिलेले मोल फार मोठे होते. गोत्र, गाव आणि पंडितसभेतील आसन एकाच दिवशी गमावण्याइतका पुरावा कोणत्याही ग्रहणगणिताने कोणाला दिलेला नाही.

सुबाजी व गोरे एकाच ग्रंथाला उत्तर देणारे, दोघेही मराठी, दोघेही संस्कृतचे जाणकार. जगाविषयीचे नवे मत ज्याने आनंदाने उचलले तो स्वधर्मात राहिला आणि ज्याने शास्त्रप्रामाण्याचा कडवा कैवार घेतला तो ख्रिस्ती झाला.

विल्किन्सन १८४१ मध्ये निवर्तले. त्यांनी केलेले 'गोलाध्याया'चे इंग्रजी भाषांतर त्यांच्या सीहोरच्या पाठशाळेत शिकलेल्या आणि पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झालेल्या बापूदेवशास्त्र्यांनी तपासले, आणि ते १८६१ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. बापूदेवही ख्रिस्ती झाले नाहीत. गोरे यांचा अंत १८९५ मध्ये मुंबईत झाला.