मेहता, जीवराज नारायण

(२९ ऑगस्ट १८८७–७ नोव्हेंबर १९७८). भारतीय डॉक्टर, वैद्यक शिक्षणतज्ञ व राजकारणी. जन्म त्या वेळच्या बडोदे संस्थानातील अमरेली येथे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून एल. एम. अँड एस. झाल्यावर टाटा निधीच्या साहाय्याने ते लंडनला गेले व १९१४ मध्ये एम. डी. झाले. त्याच सुमारास फुप्फुसावरणशोथाने आजारी असलेल्या गांधीजींवर त्यांनी तेथे उपचार केले. दूध व धान्य घेण्याचा त्यांचा आग्रह मात्र गांधीजींनी मानला नाही.

परतल्यावर बडोदे संस्थानात त्यांनी प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम केले. तथापि त्यांचे खरे कार्य परळ येथील होय. ग्रँट महाविद्यालय १८४५ पासून चालू असले, तरी तेथील प्रमुख अध्यापकपदे दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील बहुतांशी ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय पदवीधर कितीही हुशार असला, तरी तो सामान्यतः दुय्यम जागेवरच राही. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली, की तेथील सर्व अध्यापक योग्य पात्रतेचे व सरकारी नोकरीत नसलेले भारतीयच असावेत. मुंबई महानगरपालिकेने ही अट मान्य केली. महाविद्यालय १९२५ मध्ये व त्याला जोडलेले रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. या रुग्णालयाला सातव्या एडवर्ड बादशहाचे नाव असावे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

दोन्ही संस्थांचे पहिले अधिष्ठाते म्हणून मेहतांची नेमणूक झाली. केवळ अटीने प्रश्न सुटणारा नव्हता. विद्यार्थ्यांना परीक्षा मुंबई विद्यापीठाचीच द्यावयाची होती. त्यांत ते कमी पडले असते, तर भारतीय अध्यापक अपुरे ठरतात या आक्षेपाला पुरावाच मिळाला असता. सभोवती परळ-लालबागची गिरणगाव वस्ती असल्याने रुग्णांची वाण नव्हती आणि रुग्णशय्येजवळचे शिक्षण येथे भरपूर मिळे. मेहता १९४२ पर्यंत या पदावर होते. स्वातंत्र्य चळवळीत त्यांना कारावासही घडला.

पुढे ते भारताचे आरोग्य सेवा महासंचालक (१९४७–४८), बडोद्याचे दिवाण, मुंबई राज्याचे अर्थमंत्री, गुजरातचे पहिले मुख्यमंत्री (१९६०–६३) व ब्रिटनमधील उच्चायुक्त (१९६३–६६) झाले. १९७१ मध्ये अमरेलीतून ते लोकसभेवर निवडून आले. शिक्षणतज्ञ हंसा मेहता या त्यांच्या पत्नी होत.