शिलाहारांची वंशावळ : ताम्रपटांत आणि वसईच्या शिळांत

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव विमल सरोवर, शंकराचार्यांचे मंदिर आणि कार्तिक वद्य एकादशीला भरणारी यात्रा यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या पूर्वेला सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक. उत्तरेला वटार आणि आगाशी, तर शेजारीच भुईगाव. सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा याच परिसरात मिळाला आणि १९५६ मध्ये भुईगावात नवव्या शासनाचा तुकडा सापडला. अशोकाचे नाव त्यामुळे सर्वांना ठाऊक झाले. मात्र याच भूमीवर सुमारे साडेचारशे वर्षे सत्ता गाजविणारे उत्तर कोकणचे शिलाहार आज फारसे कोणाला आठवत नाहीत. त्यांच्या वंशावळीतील काही दुवे तर केवळ वसई परिसरातील दगडांनीच जपले आहेत.

राजवंशाची मुळे : आख्यायिका आणि पुरावा

प्रत्येक राजघराण्याला आपले मूळ प्राचीन आणि शक्यतो दैवी असावे असे वाटते. यात पूर्व-पश्चिम असा भेद नाही. इटलीवर राज्य करणाऱ्या ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या मंत्र्याने, कॅसिओडोरसने, राजाच्या आमल घराण्याची सतरा पिढ्यांची परंपरा सिद्ध केली. त्याचा ग्रंथ लुप्त झाला, पण इ.स. ५५१ च्या सुमारास जॉर्डनीसने केलेल्या संक्षेपामुळे ती वंशावळ आपल्याला कळते. फ्रँक लोकांच्या मेरोविंजियन घराण्याचा संबंध पुढील काळात ट्रॉय नगरीशी आणि एका समुद्री प्राण्याशी जोडला गेला. या कथांपलीकडचा ठोस पुरावा मिळाला तो १६५३ साली. तूर्ने येथे राजा चिल्डेरिकची कबर उघडली गेली आणि त्याच्या नावाची मुद्रा असलेली अंगठी हाती आली.

शिलाहारांचे चित्रही असेच आहे. आपण विद्याधर कुळातील जीमूतवाहनाचे वंशज आहोत असे त्यांचे ताम्रपट सांगतात. गरुडाच्या तावडीतून नागाला सोडविण्यासाठी शिळेवर स्वतःचा देह अर्पण करणारा तो हा जीमूतवाहन. ‘शिलाहार’ या नावाचा अर्थही याच कथेतून लावला जातो. ‘तगरपुरवराधीश्वर’ हे त्यांचे बिरुद मात्र अधिक बोलके आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. घराण्याची आठवण तिथपर्यंत जाते, एवढाच निष्कर्ष त्यावरून काढता येतो.

शिलाहारांची तीन घराणी होती. उत्तर कोकणात ठाण्याच्या परिसरात एक, दक्षिण कोकणात दुसरे आणि कोल्हापूर-पन्हाळा भागात तिसरे. दक्षिण कोकणच्या घराण्याची वंशावळ प्रामुख्याने रट्टराजाच्या शके ९३० (इ.स. १००८) च्या खारेपाटण ताम्रपटावरून कळते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी तो प्रसिद्ध केला होता. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा जनक हा शिलाहारांच्या अभ्यासाचाही एक आद्य पुरुष ठरतो. या लेखाचा विषय मात्र पहिले, उत्तर कोकणचे घराणे हा आहे.

ताम्रपट काय सांगतात?

जमिनीचे दान देताना राजा ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत असे. त्यात आरंभी देवतास्तवन, मग राजाच्या पूर्वजांची क्रमाने स्तुती आणि त्यानंतर दानाचा तपशील, तिथी, सीमा व शापवचने असत. पूर्वजांची ही स्तुती म्हणजेच आपल्याला मिळणारी वंशावळ. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्याजवळ पाया खोदताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ (इ.स. १०१७) चा ताम्रपट निघाला. रामलोचन पंडितांनी लावलेल्या अर्थाच्या आधारे त्याचे इंग्रजी भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात छापले गेले. भारतीय कोरीव लेखांच्या आधुनिक अभ्यासाच्या अगदी पहाटेची ही घटना. पुढे भांडुप ताम्रपटावर ब्यूलर यांनी, अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटावर न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी आणि भादान ताम्रपटावर कीलहॉर्न यांनी काम केले. म. म. वा. वि. मिराशी यांनी १९७७ मध्ये शिलाहारांचे लेख एका खंडात संपादित केले. तो आजही या विषयाचा मुख्य आधार आहे.

या साधनांवरून उभी राहणारी वंशावळ अशी :

१. कपर्दी (पहिला) : राष्ट्रकूटांचा मांडलिक, नवव्या शतकाचा आरंभ.
२. पुल्लशक्ती : कपर्दीचा पुत्र. कान्हेरीचा शके ७६५ (इ.स. ८४३) चा लेख.
३. कपर्दी (दुसरा) : पुल्लशक्तीचा पुत्र. कान्हेरीचा शके ७९९ (इ.स. ८७७) चा लेख.
४. वप्पुवन्न : दुसऱ्या कपर्दीचा पुत्र.
५. झंझ व ६. गोग्गी : वप्पुवन्नाचे पुत्र.
७. वज्जड (पहिला) व ८. छद्वैदेव : गोग्गीचे पुत्र.
९. अपराजित : पहिल्या वज्जडाचा पुत्र. शके ९१५ व ९१९ (इ.स. ९९३ व ९९७) चे ताम्रपट.
१०. वज्जड (दुसरा) व ११. अरिकेसरी ऊर्फ केशिदेव : अपराजिताचे पुत्र.
१२. छित्तराज, १३. नागार्जुन व १४. मुम्मुणि ऊर्फ माम्वाणि : दुसऱ्या वज्जडाचे पुत्र.
१५. अनंतदेव (पहिला) : नागार्जुनाचा पुत्र. शके १०१६ (इ.स. १०९५) चा ताम्रपट.
१६. अपरादित्य (पहिला) : अनंतदेवाचा पुत्र. शके १०४९ (इ.स. ११२७) चा वडवली ताम्रपट.
त्यानंतर हरिपालदेव, मल्लिकार्जुन, अपरादित्य (दुसरा), अनंतदेव (दुसरा), केशिदेव (दुसरा) आणि अखेरचा सोमेश्वर.

वंशावळ आणि गादीचा क्रम

या यादीतून एक गोष्ट लगेच ध्यानात येते. गादी नेहमी पित्याकडून पुत्राकडे गेली नाही. झंझानंतर भाऊ आला, दुसऱ्या वज्जडानंतर भाऊ आला आणि त्यानंतर पुतण्या छित्तराज. पुढे तर तीन सख्खे भाऊ एकामागून एक राजे झाले. म्हणून वंशावळ आणि राजांचा अनुक्रम या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात.

ताम्रपट लिहविणारा राजा आपल्या सोयीची परंपरा नोंदवीत असे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. छद्वैदेव याचे उत्तम उदाहरण आहे. पुढील राजांच्या ताम्रपटांत त्याचे नावच येत नाही, कारण सत्ता त्याच्या थोरल्या भावाच्या शाखेत गेली. त्याचा स्वतःचा ताम्रपट मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात दाखल झाला नसता, तर असा राजा होऊन गेला हे कोणालाच कळले नसते. याउलट अपराजिताच्या भादान ताम्रपटात स्वतःच्या घराण्याबरोबर राष्ट्रकूटांचीही वंशावळ येते. त्या वेळी राष्ट्रकूटांची सत्ता चालुक्य तैलपाने बुडविली होती. गेलेल्या सार्वभौमाविषयीची हळहळ या मांडलिकाने तांब्यावर कोरून ठेवली आहे.

अनंतदेवाच्या ताम्रपटात भाऊबंदकीचा स्पष्ट उल्लेख आहे. आप्तांच्या वैरामुळे कोकणावर संकट आले, दुष्टांनी देश उद्ध्वस्त केला आणि राजाने त्यांचा बीमोड केला असे तो सांगतो. याच ताम्रपटाने एका प्रधानाला व त्याच्या भावाला श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली या बंदरांत जकातीची माफी दिली. अकराव्या शतकाच्या अखेरीस सोपाऱ्याचे बंदर गजबजलेले होते, याचा हा दाखला.

बाहेरची साक्ष

राजाने स्वतःविषयी लिहविलेला मजकूर परक्याच्या लेखणीतून दुजोरा मिळाल्यावर अधिक विश्वसनीय ठरतो. अरब प्रवासी अल् मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूर म्हणजे चौल येथे आला होता. तेथील राजाचे नाव तो ‘झंझ’ असेच देतो. काश्मीरच्या मंखकवीच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात कोकणच्या अपरादित्याने पाठविलेल्या तेजकंठ नामक दूताचा उल्लेख आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ टीका कोणत्या अपरादित्याची, यावर विद्वानांत मतभेद झाले. पां. वा. काणे यांचा कल पहिल्याच्या बाजूने आहे. मल्लिकार्जुनाचा वध गुजरातच्या कुमारपालाचा सेनापती आंबड याने केला, ही हकीकत मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त येते.

वाचनातील एक अंक

वंशावळ किती नाजूक पायावर उभी असते, हे अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखावरून कळते. माम्वाणि राजाच्या या लेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. पंडित भगवानलाल यांनी तो ९८२ (इ.स. १०६०) असल्याचे दाखविले. एका अंकाने दोनशे वर्षांचा फरक! पहिले वाचन टिकले असते, तर माम्वाणिला पहिल्या कपर्दीच्या नातवाच्या काळात बसवावे लागले असते.

अलिबागजवळील आक्षी येथील मराठी शिलालेखाचेही असेच आहे. त्यात केशिदेवरायाचे नाव आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४ (इ.स. १०१२) असा दिला. काही अभ्यासक मात्र शके ११३२ असे वाचतात. शिलाहारांत केशिदेव दोन झाले आणि दोन्ही वाचनांना एकेक केशिदेव मिळतो. हा वाद केवळ वंशावळीपुरता नाही. मराठीतील आद्य शिलालेख कोणता, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

वसईच्या शिळांचे मोल

बाराव्या शतकाच्या मध्यापासून ताम्रपट विरळ होतात आणि शिलालेखांवर भिस्त ठेवावी लागते. ताम्रपट पूर्वजांची मालिका देतो. शिलालेख बहुधा राज्य करणाऱ्या राजाचे नाव, मंत्र्यांची नावे, तिथी व दान एवढेच सांगतो. म्हणून पहिल्या अपरादित्यानंतरच्या राजांचा क्रम लागतो, पण त्यांची परस्परांशी नाती बव्हंशी तर्कानेच जुळवावी लागतात. चौधरपाडा येथील शके ११६१ च्या लेखात दुसऱ्या केशिदेवाला अपरार्काचा पुत्र म्हटले आहे. असा उल्लेख अपवादात्मक होय.

पहिल्या अपरादित्याच्या काळचा पन्हाळे येथील ताम्रपट शके १०६१ (इ.स. ११३९) चा आहे. मल्लिकार्जुनाचा चिपळूणचा लेख शके १०७८ (इ.स. ११५६) चा. मधल्या सतरा वर्षांत कोण होते? याचे उत्तर सोपारे आणि आगाशी परिसराने दिले. शके १०७१, १०७२ व १०७५ या वर्षांच्या शिळांवर हरिपालदेवाचे नाव मिळाले. त्यांतील शके १०७२ (इ.स. ११५०) चा लेख आगाशीचा. शूर्पारकातील वट्टारक गावाचा उपभोग घेणाऱ्या आहवमल्ल नावाच्या राजपुत्राने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. वट्टारक म्हणजे निर्मळच्या जवळचे आजचे वटार. साक्षीदार म्हणून गावच्या ‘म्हातारा’ म्हणविल्या जाणाऱ्या प्रमुखांची नावे येतात. राजाच्या नावाबरोबर गावकऱ्यांचीही नोंद ठेवणारा हा दगड वंशावळीहून अधिक काही सांगून जातो. पुढे शके १०८२ चा मल्लिकार्जुनाचा लेखही वसईतच मिळाला. या शिळा वाचल्या गेल्या नसत्या, तर हरिपालदेवाच्या जागी आज रिकामी ओळ असती.

सोमेश्वराचा शेवट समुद्रावर झाला. देवगिरीच्या महादेव यादवाने त्याचा पराभव केला व तो जहाजांसह बुडाला, असे हेमाद्रीच्या राजप्रशस्तीवरून दिसते. महादेवाची कारकीर्द इ.स. १२६१ ते १२७० अशी मानतात. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवरील नौकायुद्ध काही अभ्यासक याच प्रसंगाशी जोडतात. इतरांना ते मान्य नाही.

आडनाव हा पुरावा नव्हे

‘शेलार’ हे आडनाव शिलाहारांवरून आले असावे, असा तर्क जुन्या गॅझेटियरपासून मांडला गेला आहे. तो शक्य कोटीतील असला, तरी सोमेश्वरापासून आजच्या कोणत्याही कुटुंबापर्यंत पोहोचणारी अखंड लेखी साखळी समोर आलेली नाही. मधल्या काळात यादव, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज आणि १७३९ नंतर मराठे अशा सत्ता या भागात बदलल्या. नामसादृश्यावरून राजवंशाशी नाते जोडण्याचा मोह सोडवत नाही. जीमूतवाहनाचे नाव आपल्या ताम्रपटावर घालणाऱ्या शिलाहारांनाही तो सुटला नव्हता.

खरा प्रश्न उरलेल्या पुराव्याचा आहे. वरच्या भागात चंद्र-सूर्य, मधे मजकूर आणि खाली गाढवाचे शापचित्र अशी शिळा ‘गद्धेगाळ’ म्हणून ओळखली जाते. वाडी, तळ्याचा काठ, देवळाचे आवार अशा ठिकाणी ती आढळते. शेंदूर, ऑइलपेंट, सिमेंटचा गिलावा किंवा खडूने गिरवलेली अक्षरे यांमुळे लेख कायमचा वाचनाबाहेर जातो. दगड न हलविता, तिरप्या उन्हात छायाचित्र घेऊन राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळविणे हा योग्य मार्ग आहे. जमिनीत सापडलेल्या ताम्रपटासारख्या वस्तूला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि ती प्रशासनाच्या स्वाधीन करावी लागते. अनंतदेव दुसरा आणि त्याच्या आगेमागेच्या राजांची परस्परनाती अजून पक्की झालेली नाहीत. ती ठरविणारा एखादा लेख वसई-सोपाऱ्याच्या एखाद्या वाडीत पायरी म्हणून बसविलेलाही असू शकेल.