अमेरिकी अध्यक्षाची निवड : पर्याय कोणते?

अमेरिकेचा अध्यक्ष जनतेच्या थेट मतांनी नव्हे, तर ५३८ सदस्यांच्या निर्वाचक मंडळाकडून निवडला जातो. विजयासाठी २७० मते लागतात. ४८ राज्यांत सर्वाधिक मते मिळविणाऱ्याच्या पदरात राज्याची सर्व निर्वाचक मते पडतात. त्यामुळेच २००० मध्ये अल् गोर आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन देशभरात अधिक मते मिळवूनही पराभूत झाले.

मेन व नेब्रास्का या राज्यांत मतदारसंघनिहाय वाटप होते. ही पद्धत वरकरणी न्याय्य वाटते; पण ती देशभर असती, तर २०१२ मध्ये सुमारे ५० लाख मतांनी मागे पडलेले मिट रॉम्नी २७४ निर्वाचक मतांसह अध्यक्ष झाले असते.

थेट निवडणुकीसाठी घटनादुरुस्ती हवी. तसा प्रस्ताव १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केला. सिनेटमध्ये मात्र तो अडला.

तिसरा मार्ग आंतरराज्य कराराचा. देशभरात आघाडीवर असलेल्या उमेदवारालाच आपली निर्वाचक मते देण्याचे बंधन राज्ये स्वीकारतात. २००७ मध्ये मेरीलँडने प्रारंभ केला. एप्रिल २०२४ पर्यंत राजधानी वॉशिंग्टनसह २०९ मते जमली होती. बेरीज २७० झाल्याविना करार अमलात येत नाही.

लहान राज्यांचे वजन राखावे की प्रत्येक मताचे मोल समान मानावे, हाच या वादाचा गाभा आहे.