जन्माने ठरवलेला गुन्हेगार

१८६० साली भारतीय दंडसंहिता मंजूर झाली. तिचा पाया सरळ होता. माणसाने स्वतः काही कृत्य केलेले असले पाहिजे, बहुतेक गुन्ह्यांत त्यामागे त्याचा हेतू असला पाहिजे, आणि या दोन्ही गोष्टी सरकारपक्षाने कोर्टात शाबीत केल्या पाहिजेत. बापाने चोरी केली म्हणून मुलाला तुरुंगात घालता येणार नाही, हे त्यात गृहीतच होते. पण अवघ्या अकरा वर्षांनी, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, त्याच इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि हा पाया काही लाख लोकांपुरता काढून घेतला. सरकारने एखाद्या जमातीचे नाव राजपत्रात छापले की ती जमात गुन्हेगार ठरे. त्या छापील नावाच्या वैधतेला कोर्टात आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच होती. विधेयकाच्या समर्थनार्थ असे सांगितले गेले की, या देशात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणारच. ज्या सरकारने न्यायासमोर जात पाहायची नाही म्हणून आपली पाठ थोपटून घेतली होती, त्याने हा युक्तिवाद निमूटपणे स्वीकारला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे पान वाटते.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानासाठी होता. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला आणि पारधी, कैकाडी, टकारी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींची नावे वह्यांत चढू लागली. बोटांचे ठसे घेतले जात. नोंदलेल्या माणसाने ठरल्या वेळी पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी द्यायची. परगावी जायचे तर चिठ्ठी घ्यायची, तीत कुठे जाणार आणि कधी परतणार ते लिहिलेले असायचे. बहिणीच्या लग्नाला गेलेला माणूस नदीला पूर आल्याने दोन दिवस अडकला, तरी तो कायद्याच्या कचाट्यात सापडे. याहून भयंकर कलम १९२४ च्या कायद्यात होते. नोंदलेला माणूस चोरी करण्याच्या बेतात होता असे परिस्थितीवरून कोर्टाला वाटले, तर चोरी न होताच तीन वर्षांपर्यंत कैद. आणि अनुसूचीतल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा काळे पाणी. शेजारच्या घरातल्या माणसाने तीच चोरी केली असती तर त्याला दंडसंहितेप्रमाणे मोजूनमापून शिक्षा झाली असती.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सामूहिक जबाबदारी इंग्रजांनी आणली नाही, पेशवाईतही ती होतीच. ते खरे आहे. १८१९ च्या अहवालात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दख्खनच्या गावपद्धतीचे वर्णन केले आहे. चोरी झाली की गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई, तिथून माग पुढच्या गावाच्या हवाली करी, आणि ज्या गावात माग विरला त्या गावावर भरपाई पडे. काही ठिकाणी हे काम रामोश्यांकडे होते. पण ही जबाबदारी राखणीची होती आणि तिच्या बदल्यात वतन व हक्क मिळत. माग दुसऱ्याच्या शिवेत नेऊन दाखवला की आपल्यावरचा बोजा उतरे. १८७१ च्या कायद्याने लादलेल्या कलंकातून सुटायला अशी कुठलीही शीव नव्हती, आणि त्याच्या बदल्यात मिळत काहीच नव्हते. उलट नव्या पोलिसांमुळे रामोश्यांची राखण गेली, रेल्वेमुळे मीठ आणि धान्य वाहणाऱ्या लमाण तांड्यांचा व्यापार बसला. ज्यांचे पोट सरकारच्या कारभारानेच मारले, त्यांतल्या काहींनी चोरीचा आधार घेतला असेल, तर त्याचे कारण रक्तात शोधायचे कशाला?

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. कायदा कठोर असेल, पण या जमातींना ठेवण्यासाठी उभारलेल्या सेटलमेंटमध्ये लोकांना काम मिळाले, मुले शाळेत गेली. सोलापूरची सेटलमेंट याचे ठळक उदाहरण. तारेच्या कुंपणात वसाहत, आत शाळा, आणि मोठी माणसे गिरणीत कामाला. स्टार्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्यात अशा वसाहती वाढल्या आणि सुधारणेचे दाखले अहवालांतून मांडले गेले. ते दाखले मी नाकारत नाही, पण ते कायद्याच्याच विरोधात साक्ष देतात. पगार आणि शाळा मिळताच माणूस चोरी सोडत असेल, तर गुन्हा वंशपरंपरेने येतो हे गृहीतक कोसळते, आणि कुंपणाला कारणच उरत नाही. तरीही कुंपण राहिले. गिरण्यांना हजेरीच्या धाकाने बांधलेले मजूर मिळत होते, हेही विसरता येत नाही.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला. त्यात नोंद व्यक्तीची आणि तीही पूर्वीच्या दोषसिद्धीवरून, जातीवरून नव्हे. कागदावर हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पोलिसांच्या सवयीत मात्र तो उतरला नाही. गावात घरफोडी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, ही तक्रार जुनी झाली तरी खोटी ठरलेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या ‘उचल्या’ने तो अनुभव मराठी वाचकांसमोर आतून मांडला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदावर निकाल दिला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक करू नये असे पोलिसांना बजावले, आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. विमुक्त झाल्यावर बहात्तर वर्षांनी.