अर्थशास्त्र आणि भातसेचें पाणी

मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण झालेलें नाहीं. तेव्हां अर्थशास्त्रावर व्याख्यान देण्याचा अधिकार माझ्याकडे नाहीं. परंतु आमच्या खडवलीकडचीं मुलें अकरावी-बारावीस हें शास्त्र मराठींत शिकतात, आणि तें मराठींत आलें कसें, हें त्यांस सहसा कोणी सांगत नाहीं. तेवढें सांगण्याचा आज विचार आहे.

१८५५ सालीं आगगाडी कल्याणच्या पुढें वाशिंदपर्यंत आली. खडवली त्याच वाटेवर. त्याच सालीं कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्रपरिभाषा' प्रसिद्ध झाली. हा योगायोगच खरा. पण रूळ आले म्हणजे गांवचा भाव गांवापुरता राहत नाहीं, आणि तो कां चढला, कां उतरला, हें उमजण्यास शब्द लागतात. ते घडविण्याची खटपट आधींच सुरू झाली होती. लोकहितवादींचें 'लक्ष्मीज्ञान' १८४९ चें, हरि केशवजींची 'देशव्यवहारव्यवस्था' १८५४ ची. आधार इंग्रजी ग्रंथांचा, शास्त्रीबोवांस तर मिल्लचा. परंतु डोळ्यांपुढें वाचक होता तो मराठी. मुंबई विद्यापीठ निघालें १८५७ सालीं, म्हणजे ह्या पुस्तकांनंतर! पुढें उच्च शिक्षण इंग्रजींतून चाललें, आणि हें शास्त्रहि कॉलेजच्या दाराआड गेलें. १९७५ च्या सुमारास दहावीनंतरच्या दोन वर्षांची रचना आली, तेव्हां कोठें तें खेड्यांतल्या मुलांच्या हातीं मराठींत पुन्हां पडूं लागलें.

मधल्या काळांतली एक गोष्ट मात्र विसरण्याजोगी नाहीं. १८९२ सालीं न्यायमूर्ति रानडे यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. इंग्लंडांत बसविलेले सिद्धांत कांहीं गृहीत गोष्टींवर उभे असतात. त्या गोष्टी आपल्या देशांत आहेत कीं नाहींत हें न पाहतां ते सिद्धांत येथें लावूं नयेत, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

उदाहरणास दूर जावयास नको. अ‍ॅडम स्मिथनें १७७६ सालीं कोडें घातलें कीं, पाण्याइतकें उपयोगी कांहीं नाहीं, तरी त्याच्या मोबदल्यांत कांहीं मिळत नाहीं. हिरा फारसा उपयोगी नाहीं, पण त्याला केवढें मोल! हें कोडें मुलें पाठ करतात, आणि नदीचें पाणी म्हणजे विनामूल्य वस्तु असें लिहून मोकळीं होतात. भातसा आमच्या गांवाच्या अंगास वाहते. सुटीच्या दिवशीं शहरचे लोक तींत डुंबावयास येतात. तिच्यावर धरण झालें, आणि आज मुंबईच्या तहानेचा मोठा वांटा तीच भागविते. तेंच पाणी नळांत शिरलें कीं त्याला दर लागतो, देयक येतें. इकडे तें धरण ज्या शहापूर तालुक्यांत आहे, तेथील कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. विनामूल्य तें कोणास, कोठें आणि केव्हां? रानड्यांचें म्हणणें ह्याहून निराळें तें काय!

नामदार गोखले तर आमच्याच पेशाचे. शाळेसाठीं त्यांनीं अंकगणित लिहिलें, फर्ग्युसनमध्यें इतिहास व अर्थशास्त्र शिकविलें. १९०२ सालीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलांत सरकारनें शिलकी अंदाजपत्रक मांडलें असतां त्यांनीं दाखवून दिलें कीं, तिजोरींतली शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे. कर वाजवीहून अधिक राहिले म्हणूनहि ती पडते. मिठावरील कर तेव्हां मणामागें अडीच रुपये होता. १९०३ सालीं तो दोनवर आला, १९०५ सालीं दीडवर आणि १९०७ सालीं एक रुपयावर. आमच्या ठाणें जिल्ह्याच्या खाडीकांठीं मिठागरें होतीं. एका कुटुंबास वर्षाला मीठ किती लागतें हें मुलानें घरीं आईला विचारलें, तर ह्या तीन कपातींनीं घरांत किती आणे उरले, हें त्याला पाटीवर काढतां येईल. बारावीच्या पुस्तकांत एवढ्या गणितास अर्धें पान पुरे.